मत मागून हिशेब तपासणारा

नेरूळहून उरणला जाणारी लोकल खारकोपर सोडते आणि पुढचे स्टेशन येते गव्हाणचे. जानेवारी 2024 मध्ये ही गाडी थेट उरणपर्यंत धावू लागली. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले ते त्याच दिवशी. पनवेल तालुक्यातल्या या गावाची जमीन नवी मुंबईच्या नकाशात जाऊन आता अर्धशतक उलटले आहे. 1970 मध्ये ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावे या प्रकल्पासाठी निवडली गेली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सिडको जन्माला आली. पुढे जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी जासई-नवघरच्या रस्त्यावर शेतकरी उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या रक्तातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. या पट्ट्यातल्या घराघरात ‘साडेबारा टक्के’ म्हटले की आणखी काही समजावून सांगावे लागत नाही.

अशा गावात राहणाऱ्या माणसाच्या भोवती सार्वजनिक पैशाची निदान तीन दप्तरे असतात. पहिले ग्रामपंचायतीचे: घरपट्टी, पाणीपट्टी, वित्त आयोगाचा निधी. दुसरे सिडकोचे. तिसरे न्हावाशेव्याच्या बंदराचे, जे 1989 पासून चालू आहे. ग्रामपंचायतीचे हिशेब राज्याच्या वित्त विभागाखालची स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा तपासते. सिडको ही सरकारी कंपनी, म्हणून तिचा लेखापरीक्षक कोण हे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक ठरवतात. बंदराचे हिशेबही त्यांच्याच अखत्यारीत. गव्हाणचा मतदार सरपंच थेट निवडतो, जिल्हा परिषदेचा सदस्य निवडतो, आमदार आणि खासदार निवडतो. पण त्याच्या नावाने खर्च होणारा पैसा तपासणाऱ्या या तिघांपैकी कोणालाही त्याने कधी मत दिलेले नाही, आणि द्यावे असे कोणी त्याला सुचवलेलेही नाही.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात मात्र असे मत दिले जाते. 1889 मध्ये ते राज्य झाले, तेव्हापासून तिथला राज्य लेखापरीक्षक गव्हर्नरसारखाच, त्याच मतपत्रिकेवर, चार वर्षांसाठी निवडून येतो. किती वेळा उभे राहायचे यावर बंधन नाही. त्याचे काम राज्य सरकारच्या खात्यांपुरतेही नाही. 1909 च्या कायद्यापासून राज्यातली शहरे, काउंट्या, शाळांचे जिल्हे, बंदरे, अग्निशमन जिल्हे, अगदी दफनभूमीची व्यवस्था पाहणाऱ्या लहानशा संस्थासुद्धा त्याच्याच तपासणीखाली येतात. अशा संस्थांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर मंत्रालय, महापालिका, ग्रामपंचायत आणि न्हावाशेव्याचे बंदर या सगळ्यांचे ऑडिट करणारा एकच माणूस, आणि तो प्रचाराच्या सभा घेऊन निवडून आलेला.

या राज्याचा इतिहास पाहताना एक गोष्ट मनात ठसते. 1933 ते 2013 या 80 वर्षांत तिथे 11 गव्हर्नर झाले. लेखापरीक्षक झाले फक्त तीन. क्लिफ येल 1933 मध्ये खुर्चीवर बसले ते 1965 पर्यंत; महामंदी, दुसरे महायुद्ध, सिएटलच्या विमान कारखान्यांची भरभराट, सगळे त्यांनी त्याच दालनातून पाहिले. नंतर रॉबर्ट ग्रॅहम, 1965 ते 1993. मग ब्रायन सॉनटॅग, 1993 ते 2013. नॉर्थ कॅरोलायनात तर हेन्री ब्रिजेस नावाचे एकच गृहस्थ 1947 पासून 1981 पर्यंत, 34 वर्षे, निवडून आलेले लेखापरीक्षक होते. आपल्याकडे 1948 मध्ये व्ही. नरहरी राव पहिले भारतीय महालेखापरीक्षक झाले. तिथपासून 2013 मध्ये विनोद राय निवृत्त होईपर्यंत 65 वर्षांत 11 जण त्या पदावर येऊन गेले. म्हणजे ज्याला दर चार वर्षांनी लोकांपुढे जावे लागते तो तीस-तीस वर्षे टिकला, आणि ज्याला कोणापुढेच जावे लागत नाही तो सहा वर्षांत घरी गेला. वरवर उलटे वाटणारे हे चित्र समजून घेतले की या पदाचे मर्म हाती लागते.

लेखापरीक्षक इतकी वर्षे का निवडून येत राहतो? याचे एक उत्तर फारसे सुखाचे नाही. लांबलचक मतपत्रिकेवर गव्हर्नरचे नाव वरती असते. भांडण, पैसा, वर्तमानपत्रांचे मथळे सगळे तिथेच संपतात. खाली येईपर्यंत मतदार ओळखीचे नाव शोधतो आणि त्यावर खूण करतो. लेखापरीक्षकाचा अहवाल वाचून मत देणारे विरळाच. तरीही याचा एक मोठा फायदा होतो, आणि माझ्या मते तो तोट्याहून जड आहे. तीस वर्षे एकाच दप्तरात बसलेल्या माणसाला कोणत्या खात्यात पैसा कुठे मुरतो हे ठाऊक असते. कोणत्या काउंटीच्या खजिनदाराने वीस वर्षांपूर्वी काय उत्तर दिले होते हेही त्याच्या डोक्यात असते. गव्हर्नर बदलला म्हणून त्याची बदली होत नाही. बदली हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रामाणिक अधिकाऱ्याला किती जवळून माहीत आहे, हे वेगळे सांगायला नको.

ग्रॅहम यांच्या काळात, 1982 मध्ये, वॉशिंग्टनमध्ये एक कायदा झाला. सरकारी नोकराला आपल्या खात्यातली लबाडी दिसली तर ती त्याने लेखापरीक्षकाला कळवावी, त्याचे नाव गुप्त राहील आणि त्याला त्रास होणार नाही, अशी ती तरतूद. ही जबाबदारी गव्हर्नरच्या एखाद्या खात्याकडे दिली असती तर कारकुनाने तोंड उघडले नसते. साहेबाविरुद्धची तक्रार साहेबाच्याच साहेबाकडे कोण नेणार? निवडून आलेला लेखापरीक्षक कोणाचाच हाताखालचा नसतो, म्हणून हे दार त्याच्याकडे उघडले गेले.

सॉनटॅग यांची कारकीर्द जास्त रंगतदार. टाकोमा हे शहर ज्या पियर्स काउंटीत आहे तिथे ते आधी निवडून आलेले काउंटी लेखापरीक्षक होते. पक्ष डेमोक्रॅटिक. पण वीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या पक्षाच्या गव्हर्नरांना आणि विधिमंडळाला पुरेसे नाराज केले. त्यांचा आग्रह एकाच गोष्टीचा होता. पैसा नियमाप्रमाणे खर्च झाला का, पावती आहे का, सही आहे का, एवढे तपासून भागत नाही. त्या पैशाचे काम झाले का, कमी पैशात झाले असते का, हेही पाहिले पाहिजे. याला कामगिरीचे लेखापरीक्षण म्हणतात. राज्याच्या कायद्यात त्यांना तो अधिकार पुरेसा नव्हता, आणि विधिमंडळ तो मनापासून द्यायला तयार नव्हते. शेवटी 2005 च्या नोव्हेंबरमध्ये तो प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. उपक्रम क्रमांक 900 नावाचा प्रस्ताव मंजूर झाला, लेखापरीक्षकाला राज्य आणि स्थानिक संस्थांच्या कामगिरीची तपासणी करण्याचा अधिकार मिळाला, आणि त्यासाठी विक्रीकरातला एक छोटासा हिस्साही कायमचा बाजूला काढून ठेवला गेला. या शेवटच्या तरतुदीकडे लक्ष द्यायला हवे. तपासणाऱ्याचे मनुष्यबळ आणि पैसा ज्याला तपासायचे त्याच्याच हातात असेल, तर अधिकार कागदावर राहतो.

दोन वर्षांनी, 2007 च्या डिसेंबरमध्ये, त्या अधिकाराखाली सिएटल बंदराच्या बांधकामांचा अहवाल बाहेर आला. बंदराच्याच ताब्यातल्या विमानतळाची नवी धावपट्टी आणि इतर कामांत निविदांशिवाय वाढवलेली कंत्राटे, ढिसाळ देखरेख, आणि जवळपास 10 कोटी डॉलरचा टाळता आला असता असा खर्च, असे त्याचे म्हणणे होते. बंदराने बरेच आक्षेप खोडून काढायचा प्रयत्न केला. पण बंदर म्हणजे जहाजे आणि क्रेन, सामान्य माणसाचे तिथे काय काम, ही समजूत त्या अहवालाने मोडली. न्हावाशेव्याच्या कुशीत राहणाऱ्या गव्हाण-उलव्याच्या वाचकाला यातले महत्त्व लगेच उमगेल.

2012 मध्ये सॉनटॅग पुन्हा उभे राहिले नाहीत. त्या वर्षी गव्हर्नरपदासाठी त्यांनी पाठिंबा दिला तो विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवाराला. आणि लेखापरीक्षकाच्या खुर्चीवर मतदारांनी ट्रॉय केली यांना बसवले. 2015 मध्ये केलींवर, पदावर येण्याआधीच्या खासगी व्यवसायातल्या पैशांवरून, केंद्र सरकारने फौजदारी आरोप ठेवले. काही महिने ते रजेवर गेले आणि परत येऊन बसले. गव्हर्नरने राजीनामा मागितला, पण गव्हर्नर त्यांना काढू शकत नव्हता, कारण त्यांना नेमलेच त्याने नव्हते. केलींनी मुदत पूर्ण केली; 2017 च्या शेवटी, पद सोडल्यावर, ते अनेक आरोपांत दोषी ठरले. ज्या स्वातंत्र्याने सॉनटॅग यांना बळ दिले त्याच स्वातंत्र्याने केलींना खुर्ची टिकवून दिली. या व्यवस्थेत हे दोन्ही एकत्रच मिळते.

यापेक्षा भयंकर गोष्ट घडली ती इलिनॉय राज्यात. ऑर्व्हिल हॉज 1952 मध्ये तिथे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. दिलखुलास, लोकप्रिय, पुढे गव्हर्नर होतील असे बोलले जाणारे. 1956 मध्ये ‘शिकागो डेली न्यूज’च्या जॉर्ज थीम या बातमीदाराने राज्याने काढलेल्या धनादेशांचा माग काढायला सुरुवात केली. ज्यांच्या नावे पैसे निघाले होते त्यांतल्या काहींना आपल्या नावाने पैसे निघाल्याचा पत्ताच नव्हता. 25 लाख डॉलरच्या आसपासचा घोटाळा उघड झाला. हॉज यांनी त्याच उन्हाळ्यात राजीनामा दिला, गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेले. वर्तमानपत्राला त्या कामासाठी 1957 चा पुलित्झर मिळाला. हे वाचून ‘बघा, निवडणुकीने चोरच येतात’ असे म्हणणे सोपे आहे. पण इलिनॉयच्या तपशिलात खोलवर गेले की खरा दोष दुसरीकडे सापडतो. तिथला लेखापरीक्षक स्वतःच राज्याची देणी चुकती करण्याचे आदेश काढायचा. पैसे देणारा आणि तपासणारा एकच. कुंपणच शेत खाते, ही म्हण आपल्याकडे उगीच आलेली नाही. 1970 च्या नव्या राज्यघटनेत इलिनॉयने ही दोन कामे तोडली: पैसे देणारा कंट्रोलर निवडून येतो, आणि हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला विधिमंडळाची दोन्ही सभागृहे तीन पंचमांश मतांनी दहा वर्षांसाठी नेमतात. त्या पदावर विल्यम हॉलंड 1992 पासून 2015 पर्यंत राहिले. मतपेटी गेली, तरी दीर्घ कारकीर्द शिल्लक राहिली.

मराठी मुलखाला हा प्रश्न नवा नाही. पेशवाईत सुभ्यावर मामलेदार असे, आणि त्याच्याभोवती दरखदार: मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस आणि आणखी काही. मुजुमदार हिशेब पाहून मान्य करी. या मंडळींना मामलेदार काढू शकत नसे. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि गैर काही दिसले तर ते थेट वर कळवीत. मामलेदाराच्या गादीशेजारी बसून त्याच्या हिशेबावर नजर ठेवायची आणि तरी त्याचे नोकर व्हायचे नाही, अशी ती रचना. नाना फडणीस 1756 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, वडिलांच्या मृत्यूनंतर फडणिशीवर आले आणि 1800 मध्ये मृत्यू होईपर्यंत राज्याचा कारभार त्या दप्तराभोवती फिरत राहिला. लेखणी धरणारा माणूस पुढे राज्य चालवू लागला, म्हणजे तपासणे आणि खर्च करणे इथेही एका हातात आलेच. पण वंशपरंपरा हे त्या काळातले स्वातंत्र्याचे साधन होते: पद बापाकडून आले, मामलेदाराच्या मर्जीने नव्हे.

स्वतंत्र भारतात वंशपरंपरा शक्य नव्हती आणि निवडणुकीचा विचार कोणी केला नाही. घटनेच्या कलम 148 ने तिसरा रस्ता धरला. नेमणूक राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात सरकारची. पण एकदा नेमले की सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकेच अवघड. पगार संचित निधीतून, त्यावर संसदेत मतदान नाही. निवृत्तीनंतर केंद्राच्या किंवा राज्याच्या नोकरीत पुन्हा जायचे नाही. 30 मे 1949 रोजी या कलमावर बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी हे पद बहुधा राज्यघटनेतले सर्वांत महत्त्वाचे असल्याचे सांगितले. न्यायव्यवस्थेपेक्षाही याची कर्तव्ये मोठी आहेत, असे त्यांचे मत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर आणि कोलंबियात प्रांतिक वित्तव्यवस्थेवर लिहिलेल्या माणसाचे हे मत होते. सरकारी पैसा कुठून कुठे जातो हे त्यांनी कागदोपत्री खणून पाहिले होते, म्हणून ते इतक्या ठामपणे बोलू शकले.

1971 च्या कायद्याने मुदत सहा वर्षे किंवा वयाची पासष्टी, यांतले जे आधी येईल ते, अशी ठरली. सहा वर्षांत भारतासारख्या देशाचा हिशेब समजेपर्यंत निवृत्तीचा दिवस येतो, असे मला वाटते. येल आणि ग्रॅहम यांच्या तीस वर्षांचा हेवा वाटतो तो इथे. पण या व्यवस्थेत दप्तराची आठवण व्यक्तीकडे नसून खात्याकडे असते. मुंबई आणि नागपूरच्या महालेखापालांच्या कार्यालयांत ती पिढ्यानपिढ्या साठत आली. निवृत्त शिक्षक-कर्मचारी ज्याला ‘एजी ऑफिस’ म्हणतात आणि पेन्शनच्या कागदासाठी ज्याची वाट पाहतात, तीच ही शाखा. राज्यांचे लेखे ठेवणे आणि ते तपासणे ही दोन्ही कामे अजून एकाच महालेखापरीक्षकाखाली आहेत. 1984 मध्ये त्यांची कार्यालये वेगळी केली गेली.

नेमलेला लेखापरीक्षक सरकारला हादरवू शकतो याचा पुरावा 1989 चा. टी. एन. चतुर्वेदी यांच्या कार्यकाळात बोफोर्स तोफांच्या खरेदीवरचा अहवाल आला आणि लोकसभेतल्या बहुसंख्य विरोधी खासदारांनी राजीनामे दिले. कलम 148 ची बंदी सरकारी नोकरीपुरतीच असल्याने चतुर्वेदी पुढे भारतीय जनता पक्षाकडून राज्यसभेत गेले आणि कर्नाटकचे राज्यपाल झाले, त्यामुळे त्यांच्या टीकाकारांना बोलायला जागा मिळाली. अहवालातले आकडे त्याने खोटे ठरत नाहीत. पण निवृत्तीनंतर कुठे जायचे यावरची बंदी जिथे विरळ आहे तिथे ती घट्ट करायला हवी, हे मला पटते.

आपल्या व्यवस्थेत निवडून आलेली माणसे येतात ती शेवटच्या पायरीवर. महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत किंवा विधिमंडळात मांडला जातो आणि तिथल्या लोकलेखा समितीकडे जातो. संसदेच्या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा 1967 पासून, आणि त्या प्रथेने पहिले अध्यक्ष झाले मुंबईचे मिनू मसानी. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी विधिमंडळाची वेगळी पंचायती राज समिती आहे. ‘पीआरसी येणार’ अशी खबर आली की जिल्हा परिषदेत जुन्या फायली कपाटातून बाहेर निघतात आणि वर्षानुवर्षे पडून असलेल्या आक्षेपांची उत्तरे एका आठवड्यात लिहिली जातात.

आता पुन्हा गव्हाण. ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षणाला 1930 चा स्थानिक निधी लेखापरीक्षा कायदा लागू होतो. लेखापरीक्षक येतो, कीर्द, प्रमाणके, मोजमाप पुस्तिका, नमुना आठ आणि नऊ मागतो. शंका आली की अर्धसमास पत्र देतो: डाव्या बाजूला प्रश्न, उजवी बाजू उत्तरासाठी मोकळी. समाधान झाले नाही तर तो आक्षेप अहवालात जातो. रक्कम आक्षेपाधीन ठरते किंवा वसूलपात्र. मग ग्रामपंचायतीने दोषदुरुस्ती करून अनुपालन पाठवायचे. हे वर्णन ऐकताना कोरडे वाटेल, पण गावातल्या एखाद्या गटाराचा उतार चुकला आणि बिल मात्र पूर्ण निघाले, तर ते पहिल्यांदा कागदावर येते ते याच अर्धसमास पत्रावर. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या लेखापरीक्षणाचा कायदा राज्यांवर सोपवला. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर महालेखापरीक्षकांचे तांत्रिक मार्गदर्शनही या यंत्रणेला मिळू लागले.

आणि इथे गव्हाणच्या मतदाराला असा एक हक्क आहे जो वॉशिंग्टनच्या मतदाराला नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 8 सांगते की आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक लेखा विवरण, गेल्या वर्षाचा प्रशासकीय अहवाल, आणि शेवटची लेखापरीक्षा टिपणी तिच्यावर दिलेल्या उत्तरांसकट ठेवली पाहिजे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी ती पुरते. सॉनटॅग यांचे अहवाल वर्तमानपत्रातून लोकांपर्यंत जात. इथे सरपंच समोर बसलेला असतो, ग्रामपंचायत अधिकारी टिपणी वाचतो, आणि ज्या बंधाऱ्याबद्दल आक्षेप आहे तो बंधारा पाहिलेली माणसे समोर असतात. व्यवहारात ही टिपणी घाईत उरकली जाते किंवा वाचलीच जात नाही. ती मागायला माहितीचा अधिकार लागत नाही. कलम 8 पुरेसे आहे.

गव्हाणशेजारच्या उलव्यातल्या नव्या इमारतींत राहायला आलेल्यांकडे तर निवडून दिलेला लेखापरीक्षकच आहे, फक्त त्यांच्या ते लक्षात आलेले नसते. 2013 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात सहकारी संस्थेची सर्वसाधारण सभा शासनमान्य नामिकेतून आपला लेखापरीक्षक नेमते. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत ‘लेखापरीक्षकाची नियुक्ती’ हा विषय येतो तेव्हा निम्मे सभासद घरी गेलेले असतात. उरलेले हात वर करतात. क्लिफ येल यांना जे मत मिळत होते त्याच्या सर्वांत जवळ जाणारे मराठी मत हेच.

पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी 29 गावे सामावून घेऊन स्थापन झाली. गव्हाण तिच्या बाहेर राहिले. महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल स्थायी समितीला देतो; तिथे नगरसेवक असतात, गाव नसते. नवी मुंबई विमानतळ, सागरी सेतू आणि रेल्वे यांच्यामधला हा पट्टा किती दिवस ग्रामपंचायत राहील, हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. तेव्हा घरपट्टीचा दर, पाण्याची जोडणी, गावठाणाची हद्द यांवर भरपूर चर्चा होईल. त्या चर्चेत कलम 8 ही असायला हवे, कारण गाव महापालिकेत गेले की लेखापरीक्षा टिपणी ग्रामसभेपुढे ठेवण्याची सक्ती त्याच दिवशी संपते.